ठराव क्रमांक बारा

सुलेखा दाबके मंडळाची चिटणीस झाली ती दुसरं कुणी तयार होईना म्हणून. शारदा मराठी मंडळ, सिंगापूर, सभासद दीडशेच्या आसपास. चिटणिसाचं काम म्हणजे सभांच्या नोटिसा काढायच्या, इतिवृत्त लिहायचं, कम्युनिटी क्लबचा हॉल बुक करायचा आणि गणपतीत मोदक कमी पडले की लोकांचं ऐकून घ्यायचं. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून तिनं हे सहा वर्षं केलं, आणि त्या सहा वर्षांत मंडळात मतदान घ्यायची वेळ एकदाच आली होती, तीही सहल सेंटोसाला न्यायची की जोहोरला यावर.

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये तिला सागरपार मराठी महासंघाची ईमेल आली. परदेशातल्या एकोणीस मराठी मंडळांचा हा महासंघ. त्याची कचेरी लंडनला होती, दर दोन वर्षांनी कुठल्या तरी देशात अधिवेशन भरायचं. मुलांच्या मराठी परीक्षेची प्रमाणपत्रं महासंघ द्यायचा, नाटकांचे दौरे ठरवायचा. यंदाचं अधिवेशन मार्चअखेर दुबईला झालं होतं आणि तिथे संमत झालेले चौदा ठराव ईमेलला जोडलेले होते. सुलेखानं ते ऑफिसातून परतताना ट्रेनमध्ये, प्रिंट काढलेल्या कागदांवर वाचले. अकरा ठराव नेहमीचे होते. बारावा तिनं दोनदा वाचला.

त्या वर्षी फेब्रुवारीपासून मुंबईत उत्तरेकडून आलेल्या टॅक्सीवाल्यांना आणि फेरीवाल्यांना मारहाण होत होती. इथे सगळ्यांनी ती टीव्हीवर पाहिली होती. बाराव्या ठरावात म्हटलं होतं की परप्रांतीयांच्या लोंढ्याविरुद्धच्या या आंदोलनाला महासंघ जाहीर पाठिंबा देत आहे, आणि प्रत्येक सदस्य मंडळानं आपापल्या देशात त्याचा प्रचार करावा. खाली लिहिलं होतं, एकमताने संमत. उपस्थित प्रतिनिधींच्या यादीत सिंगापूरही होतं. सिंगापूरची प्रतिनिधी म्हणून दुबईला गेली होती नीलिमा शेवडे, सुलेखाची चौदा वर्षांची मैत्रीण.

सुलेखानं ठराव अध्यक्षांना पाठवले. निशिकांत पंडित हे बँकेतून निवृत्त झालेले, मंडळाच्या संस्थापकांपैकी एक, वीस वर्षांपूर्वी इथलं नागरिकत्व घेतलेले गृहस्थ. त्यांचा लगेच फोन आला. आवाज खाली आणून ते म्हणाले की आपलं मंडळ रजिस्ट्रारकडे नोंदलेलं आहे, दुसऱ्या देशाच्या राजकारणाचा प्रचार आपण इथे करायला लागलो तर मंडळ बंद करावं लागेल. महासंघातून बाहेर पडायलाच हवं, आणि तेही शक्यतो गाजावाजा न करता.

गाजावाजा व्हायचा तो झालाच. दोन दिवसांत ठराव मंडळाच्या याहू ग्रुपवर कुणीतरी टाकला आणि जिथे एरवी जुनं फर्निचर आणि भारतात जाणाऱ्या कुणाबरोबर औषधं पाठवता येतील का एवढंच यायचं, तिथे दिवसाला चाळीस-चाळीस ईमेल येऊ लागल्या. मंडळात दोन तट आहेत हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, फक्त कुणी बोलून दाखवत नसे. एक जुने, बहुतेक बँकांत आणि हिशेबाच्या कामांत मुरलेले, परमनंट रेसिडेंट किंवा नागरिक झालेले, ज्यांची मुलं इथे सैन्यात नॅशनल सर्व्हिस करून आली. दुसरे गेल्या पाच-सात वर्षांत पुण्या-मुंबईहून आलेले इंजिनिअर, एम्प्लॉयमेंट पासवरचे, दर दोन वर्षांनी पास वाढेल की नाही याची वाट पाहणारे. बाहेर पडा म्हणणारे बहुतेक पहिल्या गटातले होते, राहा म्हणणारे दुसऱ्या.

राहा म्हणणाऱ्यांचं पुढारपण तन्मय गोखले या तिशीतल्या मुलानं आपल्याकडे घेतलं. तो जुरोंग ईस्टला राहायचा, सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि मंडळाची वेबसाइट त्यानंच उभी केली होती. त्याचं म्हणणं सुलेखाला अगदीच टाकाऊ वाटलं नाही. ठराव त्यालाही सगळा पटलेला नव्हता. पण एका ठरावासाठी सगळा संबंध तोडायचा का, आत राहून तो बदलून घेता येत नाही का, असं त्यानं लिहिलं. पुढे मात्र त्यानं असंही लिहिलं की ज्यांनी भारताचा पासपोर्ट परत करून टाकला त्यांनी महाराष्ट्रात काय व्हावं यावर बोलू नये. त्यावर निशिकांतरावांच्या वयाच्या एका गृहस्थांनी उत्तर दिलं की तुम्ही पास संपला की सूटकेस उचलून जाल, मंडळ आम्हालाच चालवायचं आहे. ही दोन वाक्यं पुढे महिनाभर घराघरांत फिरली. सेरंगूनला सुलेखाच्याच ब्लॉकमध्ये राहणारी दोन कुटुंबं लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलेनाशी झाली. ज्यांची मुलं एकाच शाळेच्या बसमधून जात होती त्यांनी बसथांब्यावर वेगवेगळं उभं राहायला सुरुवात केली.

मंडळाच्या घटनेत बाहेर पडण्यासाठी दोन तृतीयांश मतं लागत होती. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी विशेष सभा ठरली. नोटीस सुलेखाच्या सहीनं गेली.

या सगळ्यात एक माणूस गप्प होतं, विनीता मिश्रा. विनीता मूळची ठाण्याची, माहेरची राजवाडे. नवरा अखिलेश गोरखपूरकडचा, इथे बंदरातल्या एका कंपनीत. दर शनिवारी ती मंडळाच्या मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची, सहा वर्षं, एकही शनिवार न चुकवता. वर्गातल्या पंचवीस मुलांपैकी सगळ्यात चांगलं अक्षर तिच्या स्वतःच्या मुलाचं, निहारचं होतं. याहू ग्रुपवर तिनं एक ओळही लिहिली नाही. त्या महिन्यात वर्गाच्या हजेरीपटाबरोबर सुलेखाला तिनं एवढंच कळवलं की अखिलेशचा मामेभाऊ अंधेरीला चौदा वर्षं टॅक्सी चालवत होता, फेब्रुवारीत त्याचा हात दोन ठिकाणी मोडला, तो आता गावाला परतलाय. कुणी विचारलं तर सांगा, मुद्दाम सांगू नका.

ते वाचलं त्या दिवशी सुलेखाचं मन ठरलं. बाहेर पडायचं. निशिकांतरावांच्या भीतीपोटी नव्हे, तिला त्या भीतीची थोडी लाजच वाटत होती. आपण स्वतः परक्या देशात कुणाच्या तरी मेहेरबानीवर घर थाटायचं आणि तिकडे दुसऱ्याला परका म्हणून हाकलायला टाळ्या वाजवायच्या, हे तिला सहन होईना. नवऱ्याला, सुबोधला, तिनं तसं सांगितलंही. सुबोध म्हणाला की त्याचंही तेच मत आहे, पण नीलिमाशी तू बोललीस का?

ती बोलली नव्हती. एप्रिलपासून दोघींनी एकमेकींना टाळलं होतं. सभेच्या आदल्या शनिवारी दुपारी सुलेखा नीलिमाकडे पुंगोलला गेली.

नीलिमा आधी सेरंगूनलाच, सुलेखाच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहायची. नवरा विवेक गेल्यावर तिनं ती मोठी जागा सोडली आणि लेक क्षिप्राला घेऊन पुंगोलच्या नव्या वसाहतीत लहान फ्लॅट घेतला. विवेक गेला तो दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये, टोरंटोला, कंपनीच्या कामासाठी गेलेला असताना, झोपेत. तेव्हा सार्सची साथ होती, इथेही आणि टोरंटोलाही. नीलिमाच्या ऑफिसातल्या एका बाईला सार्सचा संशय होता म्हणून नीलिमाला घराबाहेर पाऊल टाकायला दहा दिवस बंदी होती. नवरा जगाच्या दुसऱ्या टोकाला मरून पडला होता आणि तिला लिफ्टपर्यंतही जाता येत नव्हतं. क्षिप्राला सुलेखानं आपल्याकडे आणून ठेवलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ ती नीलिमाच्या दाराच्या जाळीपाशी डबा ठेवायची आणि चार पावलं मागे कॉरिडॉरमध्ये उभी राहून, मास्क लावून, तिच्याशी बोलायची.

विवेकचं पुढचं सगळं टोरंटोच्या मंडळानं केलं. महासंघाच्या यादीत पाहून सुलेखानंच तिथे फोन लावला होता. साथ असताना, हॉस्पिटलच्या दारातून लोक परत फिरत असताना, देवस्थळी नावाचे एक गृहस्थ आणि आणखी पाचसहा जण गेले. विवेकला त्यांनी कधी पाहिलेलंही नव्हतं. देवस्थळींनी अग्नी दिला. गुरुजी मंत्र म्हणत होते तेवढा वेळ त्यांनी हातात फोन धरून ठेवला, म्हणजे इकडे नीलिमाला ऐकू येईल. पुढे महिन्याभरानं तेच अस्थी घेऊन स्वतः सिंगापूरला आले. त्यानंतर नीलिमानं महासंघाचं काम अंगावर घेतलं, आणि कधी कुणाला का म्हणून विचारावं लागलं नाही.

त्या शनिवारी नीलिमानं चहा केला. क्षिप्रा शाळेतल्या कसल्याशा सरावाला गेली होती. थोडा वेळ क्षिप्राच्या परीक्षांचं बोलणं झालं. मग सुलेखानं विचारलं की हा ठराव मागे घ्या असं महासंघाला लिहिता येईल का. नीलिमा म्हणाली, लिहिलं होतं, दोनदा. अध्यक्षांचं उत्तर आलं की एकमतानं झालेला ठराव दोन वर्षांनी पुढच्या अधिवेशनातच बदलता येतो.

"एकमतानं म्हणजे तूही?" सुलेखानं विचारलं.

"मीही."

सुलेखाला वाटलं होतं की नीलिमा त्या वेळी सभागृहात नसेल, किंवा गप्प बसली असेल आणि तिकडच्यांनी ते एकमत धरलं असेल. दीड महिना ती तेच धरून चालली होती. तिच्या हातातला कप तिनं खाली ठेवला.

"हात वर करताना विनीता आठवली नाही तुला?"

"नाही आठवली." नीलिमानं लपवाछपवी केली नाही. "ठराव देवस्थळींनी मांडला, सुलेखा. जेवणानंतर, बारावा ठराव, अर्धे लोक पेंगत होते. ते वाचत होते आणि मी त्यांच्या हाताकडे बघत होते. त्या हातात त्यांनी फोन धरला होता. सगळ्यांनी हात वर केले. मी एकटीनं खाली ठेवायचा होता का?"

सुलेखा म्हणाली, ठेवायचा होता. ती असंही म्हणाली की माणसाचे उपकार वेगळे आणि तो सांगतो ते वेगळं, एवढं तुला कळायला हवं होतं. हे बोलताना तिचा आवाज चढला. नीलिमा ऐकत राहिली. बाहेर खाली वसाहतीतली एलआरटीची छोटी रेल्वे वळसा घेऊन गेली.

"उद्या सभेत कुणी विचारलं की आपल्या प्रतिनिधीनं काय केलं, तर मला वाचून दाखवावं लागेल," सुलेखा म्हणाली.

"वाच. खरंच आहे ते." नीलिमा उठली आणि कप उचलू लागली. "फक्त एक कर. देवस्थळींचं, फोनचं, ते काही सांगू नकोस. विवेकला त्या सभेत आणू नकोस."

सुलेखानं कबूल केलं.

रविवारी दुपारी हॉलमध्ये पंच्याण्णव माणसं आली. मंडळाच्या कुठल्याही सभेला एवढी कधी आली नव्हती. जुने डावीकडे बसले आणि नवे उजवीकडे, कुणी न सांगता. निशिकांतरावांनी प्रस्ताव मांडला. भाषण वीस मिनिटं चाललं आणि त्यात कायदा, परवाना, रजिस्ट्रार हेच पुन्हा पुन्हा येत राहिलं. मुंबईत मार खाल्लेल्या माणसांबद्दल त्यात काही नव्हतं. तन्मय बोलला तो चांगला बोलला. तो म्हणाला की घरात एका माणसानं चुकीचं काही म्हटलं की आपण घर सोडत नाही, भांडतो. पुढच्या अधिवेशनात आपण हा ठराव फिरवू, त्यासाठी आत असावं लागेल. उजवीकडून टाळ्या पडल्या. मग डावीकडून कुणीतरी विचारलं की पुढच्या अधिवेशनापर्यंत तुमचा पास तरी राहील का, आणि हॉलमध्ये असा गोंगाट झाला की निशिकांतरावांना टेबलावर थापा माराव्या लागल्या.

त्यानंतर विनीता उभी राहिली. ती कुठल्याच बाजूला बसली नव्हती, दारापाशी मागे अखिलेशशेजारी खुर्ची टाकून होती. माइक तिनं घेतला नाही.

"मला फार बोलायचं नाही," ती म्हणाली. "ठरावात ज्यांना परके म्हटलंय त्यांत माझा नवरा येतो. माझा मुलगा येतो की नाही ते मला कुणीतरी सांगा. म्हणजे त्याला शनिवारच्या वर्गात बसवायचं की नाही ते मी ठरवेन."

मग उजवीकडून, नक्की कुणी ते सुलेखाला दिसलं नाही, एक आवाज आला की मिश्राबाई, तो तुमचा घरातला प्रश्न आहे. दोघं-तिघं हसले. तन्मयनं मागे वळून त्यांना गप्प केलं, पण तोवर अखिलेश उठला होता. त्यानं विनीताच्या खांद्यावर हात ठेवला, तिच्याशी हिंदीत काहीतरी बोलला, आणि तो एकटाच बाहेर गेला. विनीता उभीच राहिली, मग बसली.

तेव्हा डावीकडच्या एका बाईंनी तो प्रश्न विचारला. दुबईत आपल्या मंडळातर्फे कोण गेलं होतं, आणि त्यांनी या ठरावावर मत काय दिलं, हे चिटणिसांनी सांगावं.

सुलेखानं कागद उचलला. ठराव क्रमांक बारा, एकमताने संमत, असं वाचलं. मग उपस्थित प्रतिनिधींची यादी वाचली, सगळी, मॉरिशसपासून सिंगापूरपर्यंत, म्हणजे एक नाव वेगळं काढून वाचल्यासारखं होणार नाही. त्याचा उपयोग झाला नाही. सगळ्या हॉलनं नीलिमाकडे पाहिलं. ती तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती.

"मी हात वर केला होता," नीलिमा उभी राहून म्हणाली. "मला आणखी काही सांगायचं नाही."

तिच्या दोन्ही बाजूंनी प्रश्न आले. डावीकडचे विचारत होते की कुणाला विचारून. उजवीकडच्यांना वाटलं की ती आपल्या बाजूची आहे आणि ती आता ठरावाच्या बाजूनं बोलेल. ती बसली आणि मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिली. विनीता तिच्याकडे पाहत होती. या दोघींनी मिळून कितीतरी वर्षं मुलांच्या परीक्षेचे पेपर काढले होते. सुलेखाला सगळं माहीत होतं, टोरंटोचं, फोनचं, दारापाशी ठेवलेल्या डब्यांचं. दोन वाक्यांत तिला नीलिमाची बाजू सांगता आली असती. तिनं शब्द दिला होता, म्हणून ती कागद सरळ करत उभी राहिली.

मतदान चिठ्ठीनं झालं. बाहेर पडावं यासाठी फुली, राहावं यासाठी गोल. सुलेखानं चिठ्ठ्या वाटल्या, खोका फिरवला, आणि सगळ्यांचं झाल्यावर टेबलाच्या मागे वळून आपली चिठ्ठी समोर घेतली. तिनं पेन टेकवलं. महिनाभर तिच्या मनात जे पक्कं होतं ते अजूनही पक्कंच होतं. फुली करायची होती. तिची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. नीलिमाच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या आता रिकाम्या होत्या, लोक उठून दुसरीकडे बसले होते.

सुलेखानं गोल काढला, चिठ्ठीची घडी घातली आणि खोक्यात टाकली.

चौसष्ट फुल्या निघाल्या, एकोणतीस गोल, एक चिठ्ठी कोरी. त्रेसष्ट हव्या होत्या. मंडळ महासंघातून बाहेर पडलं. डावीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, निशिकांतरावांनी तशी आधीच सूचना दिली होती. कोरी चिठ्ठी कुणाची यावर लोक पुढे कितीतरी दिवस तर्क करत होते, ते कधी कळलं नाही. नीलिमा निकाल ऐकून लगेच निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या राजीनाम्याची दोन ओळींची ईमेल आली, चिटणिसांना उद्देशून, खाली सगळं नाव, नीलिमा विवेक शेवडे.

महासंघाला बाहेर पडल्याचं पत्र सुलेखानं लिहिलं. पाच वेळा लिहून पाहिलं. सुबोधनं वाचून चांगलं आहे म्हटल्यावर तिनं त्याला, कारण नसताना, तोडून उत्तर दिलं. त्या दिवसांत ती घरात फारसं बोलत नव्हती. आपण नीलिमाला जे सुनावलं होतं तेच आपण केलं, हे तिला कळत होतं. नीलिमानं निदान सगळ्यांसमोर हात वर केला आणि पुन्हा सगळ्यांसमोर ते मान्य केलं. आपण घडी घातली.

जूनच्या सुट्ट्या संपल्यावर विनीताचा फोन आला. सभेनंतर वर्ग बंद होता. विनीता म्हणाली, अखिलेश नको म्हणतोय, पण काही मुलांच्या आयांनी विचारलं म्हणून घरीच घेईन म्हणते, मंडळाच्या नावाशिवाय. मग म्हणाली, "सुलेखाताई, त्या दिवशी तुम्ही सगळी यादी वाचलीत. नीलिमाताई तुमच्या किती जवळच्या आहेत ते मला माहितीये. तुम्ही आमच्या बाजूनं राहिलात, ते मी विसरणार नाही."

सुलेखानं फोनवर वर्गाची वेळ तेवढी विचारून घेतली. शनिवारी ती विनीताच्या घरी गेली. मुलं यायला अजून अर्धा तास होता. दिवाणखान्यात अखिलेशनं टेबलं सरकवून सतरंजी घातली होती आणि तो निहारला घेऊन खाली पोहायला गेला होता. विनीता फळा पुसत होती.

"मी राहण्याच्या बाजूनं मत दिलं," सुलेखा म्हणाली. "ठराव मला तेव्हाही पटला नव्हता, आजही नाही. नीलिमाकडे बघून दिलं."

विनीतानं फळा पूर्ण पुसला. डस्टर खिडकीबाहेर झटकला, खिडकी लावली.

"मतदान गुप्त होतं," ती म्हणाली. "नसतं सांगितलंत तरी चाललं असतं."

"तू आभार मानलेस, म्हणून सांगितलं."

"नीलिमाताईंना सांगितलंत?"

सुलेखानं नाही म्हटलं. का ते विनीतानं विचारलं नाही. तिनं त्या दिवशी शिकवायच्या शब्दांची यादी काढली आणि सुलेखाला म्हणाली की तुम्हाला वेळ असेल तर लहान मुलांची वाचनाची बाजू तुम्ही घ्या, मला दोन गट एकटीनं जमत नाहीत. सुलेखा त्या शनिवारी थांबली आणि पुढच्या शनिवारीही आली. विनीता तिच्याशी पूर्वीसारखीच आदरानं बोलायची. घरच्या गोष्टी मात्र पुन्हा कधी बोलली नाही.

सप्टेंबरात दोन गणपती बसले. एक मंडळाचा, नेहमीच्या हॉलमध्ये. दुसरा तन्मय आणि त्याच्या मित्रांनी काढलेल्या नव्या गटाचा, महासंघाची सिंगापूर शाखा म्हणून, एका काँडोच्या, म्हणजे खासगी गृहसंकुलाच्या, फंक्शन रूममध्ये. त्यांच्याकडे नीलिमा सल्लागार होती. आरत्या एकाच वेळी झाल्या. मंडळाच्या हॉलमध्ये मोदक उरले.

त्याच महिन्यात अमेरिकेतली ती मोठी बँक बुडाली आणि दिवाळीनंतर इथल्या नोकऱ्या जाऊ लागल्या. सुबोधची वाचली. तन्मयची नोव्हेंबरात गेली. पास रद्द झाला, देश सोडायला महिन्याची मुदत मिळाली. बायको अनघाला आठवा महिना लागत होता, डॉक्टरांनी विमानप्रवासाला जेमतेम परवानगी दिली होती. सुलेखाला हे विनीताकडून कळलं, कारण विनीता आणि अनघा या दोघींची घरं जुरोंग ईस्टला एकाच रस्त्यावर होती आणि अखिलेशनं कंपनीतून सामानाची खोकी मिळवून दिली होती. सभेत तन्मयनं हसणाऱ्यांना गप्प केलं होतं, ते अखिलेशला विनीतानं सांगितलं होतं का, सुलेखाला माहीत नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सुलेखा सामान बांधायला तन्मयकडे गेली. स्वयंपाकघरात नीलिमा जमिनीवर बसून काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुलेखा तिच्यासमोर बसली आणि ताटं घेऊ लागली. चार तास त्यांनी भांडी, मसाल्याचे डबे, कपडे, होणाऱ्या बाळासाठी आधीच घेऊन ठेवलेलं सगळं बांधलं. बोलणं झालं ते कुठल्या खोक्यात काय, आणि टेप कुठे आहे, एवढंच. तन्मय मध्येच दाराशी येऊन म्हणाला, "वेबसाइटचा पासवर्ड मी तुम्हाला ईमेल केलाय, ताई. मंडळाच्या जुन्या वेबसाइटचा. माझ्याकडेच राहिला होता." तो हे सुलेखाला उद्देशून म्हणाला आणि मग खोलीत निघून गेला. आतून बराच वेळ टेप फाडल्याचे आवाज येत होते.

निघताना दोघी एकाच वेळी निघाल्या. ट्रेनमध्ये जागा मिळाली तीही शेजारी. आऊटरम पार्कला गाडी बदलली आणि पुन्हा शेजारीच बसल्या. सुलेखानं मनात जुळवून ठेवलेलं वाक्य सुरू केलं. "नीलिमा, त्या दिवशी मी..."

"सभेचं असेल तर नको," नीलिमा म्हणाली. रागानं नाही, दमल्यासारखं. "मला ते ऐकायचंच नाहीये. तू काहीही केलेलं असो."

सुलेखा थांबली. ती सांगायला निघाली होती ते नीलिमासाठी की स्वतःची सुटका व्हावी म्हणून, हे तिला त्या क्षणी तरी ठरवता आलं नसतं. पुढची सात-आठ स्टेशनं क्षिप्रा कुठल्या कॉलेजात जाणार यावर त्या बोलल्या. क्षिप्राला टोरंटोला शिकायला जायचं होतं आणि नीलिमाला ते नको होतं.

सेरंगून जवळ आल्यावर नीलिमानं विचारलं, "विनीता कशी आहे?"

"घरी वर्ग घेते. अकरा मुलं आहेत."

"तिला सांग की..." नीलिमा थांबली. "नको. मीच फोन करेन तिला. करायला हवा."

गाडी थांबली आणि सुलेखा उतरली.

फेब्रुवारीत एका शनिवारी, मुलं गेल्यावर, तिनं विनीताला सहज म्हणून विचारलं. नीलिमाचा फोन आलेला नव्हता.